दुखायचं थांबलेली दाढ

दाढदुखीवर लिहायला बसले आहे असं कोणाला सांगितलं तर हसू येईल. लोक मोठ्या आजारातून उठतात आणि मग लिहितात. माझ्या आजारात सलाईन नव्हतं, ऑपरेशन नव्हतं, केळी घेऊन भेटायला येणारे पाहुणे नव्हते. एक दाढ होती, वरची, डावीकडची. पण त्या दाढेनं बारावीच्या वर्षातले महत्त्वाचे महिने घेतले, आणि थोडक्यात वाचले नसते तर परीक्षाही घेतली असती. मला फार बोलता येत नाही, लिहिता थोडंफार येतं. म्हणून हे लिहून ठेवते. कोणाला वेळेवर ओळखू आलं तर तेवढंच.

मी नांदेडची. वडिलांचं तिथं कापडाचं दुकान आहे. दहावीपर्यंत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकले आणि मग आमच्याकडं बऱ्या मार्कांच्या मुलामुलींचं जे होतं तेच माझं झालं. मला लातूरला पाठवलं. भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती. शहरात भिंतींच्या भेगा बुजवलेली घरं होती आणि त्यांच्यावरच क्लासच्या रंगीत पाट्या होत्या. ज्याला जमेल तो घरामागं खोली काढून विद्यार्थी ठेवत होता.

मी राहायचे सुमनमावशींकडं. मावशींचं सासरचं गाव भूकंपात बसलं. नवरा आणि सासू त्यात गेले. त्या स्वतः बाळंतीण बहिणीसाठी माहेरी गेल्या होत्या म्हणून वाचल्या. पुढं लातुरात येऊन त्यांनी पत्र्याच्या खोल्या काढल्या, मुली ठेवल्या, आम्हाला दोन वेळ जेवायला घालायच्या. स्लॅब टाकायला त्यांनी ठाम नकार दिला होता. उन्हाळ्यात आम्ही पत्र्याखाली भाजून निघायचो, पण बोलायची सोय नव्हती. त्या स्वतः तर पत्र्याखालीही झोपत नसत. त्यांची बाज बाराही महिने अंगणात. पावसात ती ओसरीच्या कडेला यायची, आत कधीच नाही.

माझ्या खोलीत वैशाली होती, शिरूर अनंतपाळची. मराठी शाळेतून आलेली, गणितात तिखट, तोंडानं त्याहून. मी आठवडाभर काहीच बोलले नाही तेव्हा तिनं मावशींना सांगितलं, "हिला बोलायला लावायचं म्हणजे तहसीलमध्ये अर्ज करावा लागतोय बघा."

* * *

सुरुवात माठाच्या पाण्यानं झाली. एक घोट घेतला की डावीकडं वर कळ यायची आणि पाणी गिळलं की जायची. मी उजवीकडून पाणी प्यायला लागले. मग उजवीकडून चावायला लागले. माणूस किती पटकन स्वतःला वळण लावून घेतं याचं मला आता नवल वाटतं. काही दिवसांनी मला वाटायला लागलं की मी कायम उजवीकडूनच चावत आले आहे.

मग चहा. चहाची कळ वेगळी होती. ती कप खाली ठेवल्यावरही जात नव्हती. मी वही उघडून बसायचे, पान उलटायचे, आणि ती तिथंच बसलेली असायची. गारानं येणारी आणि लगेच जाणारी कळ, आणि गरमानं येऊन मुक्काम करणारी कळ, यांत फार फरक असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कोणाला दुसरी कळ ओळखीची वाटत असेल तर इथंच वाचन थांबवून डॉक्टरांकडं गेलं तरी चालेल.

पुढं आडवं पडणं अवघड झालं. दुपारी क्लासवरून येऊन जरा पाठ टेकली की दाढेत ठोके पडायचे, नाडीच्या तालावर. उठून बसलं की थोडं कमी. मी उशीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायला लागले. दिवसभर अंगात कणकण असल्यासारखं जड वाटायचं. कंटाळा हा शब्द अपुरा आहे, पण दुसरा सुचत नाही. मला दाढेचा नाही, सगळ्याचाच कंटाळा आला होता. फळ्याचा, डब्याचा, स्वतःच्या डोक्याच्या वजनाचा.

"दातात ठोके पडतेत म्हणजे आत कोणतरी घर बांधायलंय," वैशाली म्हणाली. "भाडं माग त्याला."

मी हसले. हसताना तोंडात वारा गेला आणि डोळ्यांत पाणी आलं.

* * *

मग मी दाखवायला का गेले नाही? हे नीट सांगायला हवं, कारण या गोष्टीत माझं चुकलं ते इथंच.

आमच्या घरात दातांचा डॉक्टर म्हणजे दात काढणारा. दुसरं काही तो करतो असं आम्ही ऐकलं नव्हतं. आणि वरचा दात काढला की डोळा जातो, हे आमच्याकडं ऊन लागतं तितकं पक्कं ठाऊक होतं. माझ्या आजीची वरची दाढ तरुणपणी काढली आणि म्हातारपणी त्याच बाजूचा डोळा गेला. मधल्या तीस-चाळीस वर्षांचं कोणी काही बोलत नसे. लहानपणी मी दात घासायचा कंटाळा केला की आई म्हणायची, "घास नीट. आजीसारखं चाचपडत फिरायचंय का?"

त्यात माझी कळ वरच चढत होती. दाढेतून गालात, गालातून डोळ्याच्या खाली, तिथून कानशिलात. म्हणजे दात आणि डोळा जोडलेले आहेत याचा पुरावा माझ्याच चेहऱ्यात होता. मेडिकलची प्रवेश परीक्षा तोंडावर आली होती. दिवसभर बारीक अक्षर वाचायचं होतं. दाढेसाठी डोळा पणाला लावायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी चष्म्याच्या दुकानात गेले.

दुकानदारानं नंबर तपासला. "आहे तोच आहे," तो म्हणाला. "डोकं दुखतंय का?"

"थोडंसं."

"क्लासच्या सगळ्याच पोरी येतात. झोपत जा."

तेवढ्यावर मी परत आले.

गंमत अशी की मला दाताची आकृती काढता यायची. इनॅमल, डेंटिन, मधली पोकळी, तिच्यात जाणारी नस आणि रक्तवाहिनी, सगळं बाण दाखवून, नावं इंग्रजीत, स्पेलिंग न चुकता. सरांनी ती आकृती वर्गात सगळ्यांना दाखवली होती. तीच वस्तू माझ्या तोंडात कुजत होती आणि मी चष्मा तपासून आले होते.

बाकीचे उपाय मावशींचे. लवंग दाढेखाली धरायची, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायच्या, हिंगाचा बोळा ठेवायचा. मेडिकलच्या दुकानातल्या गोळ्या मी मावशींच्या नकळत घ्यायचे. गोळीचा अंमल असेपर्यंत अभ्यास, उतरला की पुन्हा तेच. गाल थोडा सुजायचा, तेव्हा तोंडाला स्कार्फ बांधायचे. लातुरात धूळ आणि ऊन एवढं की सगळ्याच मुली डोळे सोडून सगळं बांधून फिरायच्या. माझ्यासारखीला तो स्कार्फ फार सोयीचा होता. मी तो वर्गातही सोडत नव्हते आणि कोणी विचारतही नव्हतं.

रविवारी एसटीडी बूथवरून घरी फोन करायचे. आई विचारायची, "जेवतीस ना नीट?" मी हो म्हणायचे. वडील विचारायचे, "टेस्टमध्ये कितवी आलीस?" ते सांगायचे. मागं लोक रांगेत उभे असायचे. दाढेचा विषय त्या काचेच्या खोक्यात कधी बसला नाही.

* * *

आणि मग एके सकाळी दुखायचं थांबलं.

आधी मला कळलंच नाही. चहा अर्धा संपला तेव्हा लक्षात आलं की मी डावीकडं काही सांभाळत नाहीये. मुद्दाम गार पाणी घेतलं. काही नाही. आडवी पडून पाहिलं. काही नाही. दाढ जणू माझी नव्हतीच. मोठी चाचणी तीन-चार दिवसांवर होती आणि मी देवाचे आभार मानले, अगदी मनापासून. घरी आई रोज इष्टलिंगाची पूजा करते. तिनं माझ्यासाठी काही मागितलं असेल असंही वाटलं.

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले. मी झोपले. चाचणी बरी गेली. सकाळी उठल्यावर तोंडात घाण चव असायची आणि त्या दाढेच्या वर हिरडीवर एक बारीक पुळी आली होती, पण ती दुखत नव्हती. न दुखणाऱ्या गोष्टीकडं बघायला मला सवड नव्हती.

एका दुपारी मावशी चुलीपुढं भाकरी थापत होत्या आणि मी ताट घेऊन बसले होते. भाकरी कडक होती. मी ती डावीकडून चावली. मावशींनी पाहिलं.

"दाढ बरी झाली का गं?"

"हो."

"काय लावलंस?"

"काही नाही. आपोआप थांबलं."

त्यांचा हात परातीत तसाच राहिला. "आपोआप?"

"हो. एकदम."

"येवढं ठणकत होतं. रडत होतीस. आन आपोआप?"

मला वाटलं त्यांना आनंद होईल. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पण उलटायचं विसरल्या. ती करपायला लागली.

"आमच्याकडं बी आपोआपच थांबलं होतं," त्या म्हणाल्या.

त्या गावाबद्दल बोलायच्या नाहीत. मी ताट खाली ठेवलं. गप्प राहणं मला येतं.

"आधी लई दिवस जमीन गुरगुरायची. भांडी वाजायची मांडणीवर. सगळं गाव बाहेर झोपायचं. मग एक दिवशी थांबलं. न्हाई आवाज, न्हाई काही. सासू म्हणल्या, झालं, देवाला दया आली. म्हातारं माणूस, बाहेर थंडी बाधायची त्यांना. सगळे आत गेले निजायला. मग मी माहेरी गेले." त्यांनी करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली. "आ कर."

मी तोंड उघडलं. त्यांनी माझी हनुवटी उजेडाकडं वळवली. पिठाचा हात गालाला लागला.

"ही पुळी कधीची?"

"झाले काही दिवस. दुखत नाही मावशी."

"तेच म्हणायले मी." त्या उठल्या, चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "चप्पल घाल."

"मावशी, ते दाढ काढतील. वरची आहे. डोळ्याला—"

"डोळ्याचं मला बी ठावं हाय. मला शिकवू नको. काढू म्हणलं तर आपण उठून येऊ. बघू तर दे काय हाय ते. घाल चप्पल."

"क्लास आहे."

"हाव, हाय. वैशालीचा बी हाय. ती सांगंल तुला."

वैशाली आतून म्हणाली, "जा बाई. आज ऑरगॅनिक केमिस्ट्री हाय. त्यापेक्षा दात काढलेला बरा."

* * *

दवाखाना गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेमागच्या एका गल्लीत होता, खाली बांगड्यांचं दुकान, वर लाकडी जिना. डॉक्टर मॅडम वयानं आईएवढ्या, डोक्यावर ओढणी नीट घेतलेल्या. त्यांचं घराणं तिथलं जुनं होतं. वडिलांचं अत्तराचं दुकान त्याच बाजारात. हे सगळं मावशींनी जिना चढता चढता विचारून घेतलं होतं, बांगडीवाल्याकडून.

मॅडमनी मला खुर्चीत बसवलं आणि आरशाच्या दांड्यानं एकेका दातावर हलकेच टकटक केलं. त्या दाढेवर टकटक झाली तशी मी दचकले. चावताना न कळणारं काहीतरी तिथं होतं. मग त्यांनी गार कापूस एका चांगल्या दाताला लावला. कळ आली. मग त्या दाढेला लावला.

"लागतंय?"

"नाही," मी जरा अभिमानानंच म्हटलं.

"तेच वाईट आहे, बेटा. लागायला पाहिजे होतं."

छोटा एक्स-रे काढला. त्या बोटभर काळ्या फिल्ममध्ये दाढेच्या मुळाशी एक काळसर डाग होता. मॅडमनी तो उजेडात धरला आणि पेनच्या टोकानं दाखवला. आतली नस मेली होती. मेली म्हणून दुखायचं थांबलं होतं. कुजणं मात्र थांबलं नव्हतं, ते मुळातून वर हाडाकडं निघालं होतं आणि हिरडीवरच्या पुळीतून थोडंथोडं बाहेर येत होतं.

मी एक्स-रेकडं बघत राहिले. माझीच आकृती होती, बाणांशिवाय.

"काढावी लागंल का?" मावशींनी विचारलं. त्या उभ्याच होत्या, जिन्याच्या बाजूला.

"नाही. उशीर झालाय, पण हातातून गेलेली नाही. आतलं सगळं साफ करायचं आणि भरून टाकायचं. रूट कॅनल म्हणतात. दाढ तिथंच राहते."

"आन डोळा?"

मॅडम हसल्या नाहीत. हे मला फार बरं वाटलं. "डोळ्याला काही होत नाही, मावशी. काढली असती तरी झालं नसतं. माझ्या अम्मीलापण हेच वाटायचं. दुखणं वर जातं, म्हणून माणसाला वाटतं डोळा."

मग त्या माझ्याकडं वळल्या. "परीक्षा आहे ना तुझी? मग आत्ता कर. हे शांत आहे, पण कधी फुगेल सांगता येत नाही. ऐन पेपरला तोंड सुजून ताप भरलेली पोर मी बघितलीय."

* * *

संध्याकाळी बूथवरून घरी फोन केला. आई म्हणाली, "काय? कधीपासून? आणि मला आज सांगायलीस?" मग आवाज खाली आणून, "वरची का खालची?"

"वरची."

"हात लावू देऊ नको कुणाला. परीक्षा होऊ दे. मग बघू नांदेडला."

वडिलांनी फोन घेतला. "आता दुखतंय का?"

"नाही."

"मग आता कशाला? अभ्यास मोडेल."

त्यांचं चूक नव्हतं. महिन्याभरापूर्वी मीही हेच म्हटलं असतं. मागं एक माणूस नाणं काचेवर वाजवत होता. नेहमी अशा वेळी मी "बरं" म्हणून फोन ठेवते. त्या दिवशी मी मागं वळून त्या माणसाला म्हटलं, "काका, थांबा जरा," आणि पुढं वडिलांना म्हटलं, "पप्पा, दुखत नाही म्हणूनच करायचंय. आत कुजतंय. मी एक्स-रे बघितलाय. मी उद्या जाणार आहे."

मग वडील म्हणाले, "आईला पाठवतो."

आई दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आली. माझ्याशी बोलली नाही, मावशींशीही नाही. जिन्यावर तिनं फक्त माझा हात धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

* * *

उपचाराचं फार सांगण्यासारखं नाही. इंजेक्शनची सुई टोचली, मग ओठ जाड झाला, मग खरंच दुखलं नाही. भीती वाटते ती आवाजाची आणि तोंड उघडं ठेवून कळ लागलेल्या जबड्याची. मॅडम बारीक सुयांनी आतलं खरवडून काढत होत्या. वास आला तेव्हा मला लाज वाटली. त्या म्हणाल्या, "वास माझ्या सवयीचा आहे. काही झालं तर डावा हात वर कर, मी थांबते." क्लासमध्ये मी कधी हात वर केला नव्हता. इथं दोनदा केला आणि त्या दोन्ही वेळा खरंच थांबल्या. आत ठेवलेल्या औषधाला लवंगेचा वास होता. मावशींची लवंग अगदीच वाया गेली नव्हती, चुकीच्या जागी थांबली होती इतकंच.

बाहेर आल्यावर आईनं माझा उजवा डोळा तळहातानं झाकला. "समोरची पाटी वाच."

मी बधिर ओठांनी बांगड्यांच्या दुकानाची पाटी वाचली. मग तिनं त्याच्या पलीकडच्या दुकानाची वाचायला लावली. मग खालची बारीक ओळ. बांगडीवाला बघत होता.

"बघ, दिसतंय," तिनं मावशींना सांगितलं. आल्यापासून त्यांच्याशी तिचं हे पहिलं वाक्य.

"दिसंलच की," मावशी म्हणाल्या. "पण मी बी घरी जाऊन वाचायलाच लावणार होते."

त्यानंतर अजून काही फेऱ्या झाल्या. औषध बदलायचं, पुन्हा साफ करायचं, शेवटी पक्कं भरायचं, वर टोपी बसवायची. प्रत्येक फेरीला मी थकून यायचे. मावशी भाकरी दुधात कुस्करून ठेवायच्या. मी डोळे मिटून पडायचे आणि वैशाली मोठ्यानं नोट्स वाचायची, इंग्रजी शब्द मुद्दाम वाकडे उच्चारून, म्हणजे मी सुधारावेत. आता आडवं पडता येत होतं. नुसतं आडवं पडता येणं हे एवढं मोठं सुख असतं हे कोणी सांगत नाही. पुळी गेली. तोंडातली चव गेली. आई चार दिवस राहिली आणि मावशींबरोबर अंगणात झोपली. का, ते दोघींनीही सांगितलं नाही.

परीक्षा मी बऱ्या तोंडानं दिली. मेडिकल मिळालं नाही. ते दाढेमुळं नाही, फिजिक्समुळं. पण मला त्या पेपरचा प्रत्येक प्रश्न आठवतो आणि दाढ आठवत नाही, याचं समाधान आहे. सध्या मी नांदेडलाच फार्मसी शिकते.

दाढ अजून आहे. ज्यांना शंका असेल त्यांना एवढंच सांगते. गरमानं आलेली कळ रेंगाळत असेल, आडवं पडल्यावर ठणकत असेल, एका दातावर टकटक वेगळी लागत असेल, हिरडीवर पुळी असेल, तर दाखवा. आणि औषध न करता एकदम थांबलं असेल तर जास्त लवकर दाखवा. प्रत्येक वेळी रूट कॅनलच निघेल असं नाही. ते डॉक्टर सांगतील. आपण चष्म्याच्या दुकानात जाऊ नये.

* * *

मागच्या महिन्यात आई चहा बशीत ओतून, फुंकून फुंकून प्यायची. विचारलं की "उष्णता झालीय" म्हणायची. रात्री दोन उशा घ्यायची. मी दोनदा चल म्हटलं, दोनदा तिनं श्रावण संपू दे म्हटलं.

परवा सकाळी ती स्वयंपाकघरात उभ्यानं, कपाला तोंड लावून, वाफ निघणारा चहा प्यायली. मी दारात उभी होते.

"दाढ?"

"थांबलं गं. आपोआप. चार दिवस झाले, काहीच नाही." ती खरंच खूश होती.

"वरची का खालची?"

तिनं कप ओट्यावर ठेवला. तिचा हात नकळत डोळ्याखाली गेला.

"बाहेर आल्यावर पाटी वाचू," मी म्हटलं. "चप्पल घाल."